घट

नव्या कोल्हापुरी चपलेसारखा
गुडघा करकरतो.
चप्पल निदान मळली, पायाशी ओळख झाली
की गप्प बसते.
हा चव्वेचाळिसाव्या वर्षी बोलायला शिकलाय.

मगदूम डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
दोन हाडांमधली फट दाखवली.
मला दिसली नाही, तरी मान हलवली.
"संधिवाताची आत्ताशी सुरुवात आहे. आठ किलो उतरवा.
अंगावरचा एक किलो
चालताना गुडघ्याला चार किलो होतो."

हिशेब मला शिकवायला नको.
एकोणीस वर्षं शाहूपुरीत, गुळाच्या अडतीत
माडीवर बसून मी दुसऱ्यांची वजनं लिहिलीत.
आठ चोक बत्तीस.
म्हणजे तीस किलोचा एक रवा, वर दोन किलो,
सतरा पायऱ्या, रोज, जाता-येता.

त्या संध्याकाळी सौदे उरकल्यावर
कुणी नाही बघून काट्यावर उभी राहिले.
चपला काढून.
मग उतरले, बांगड्या काढून पुन्हा.
एवढी सूट कधी कुठल्या मालाला दिली नव्हती.
एक्क्याऐंशी किलो सहाशे.
वहीत लिहिलं नाही.

कुठून आलं हे, शोधत बसले.
नमुन्याचे तुकडे माडीवर येतात,
रंग बघायला, चव बघायला,
करंगळीच्या पेराएवढे.
हंगामात दिवसाला पंचवीस-तीस.
त्यांची नोंद कुठल्याच खात्यात नव्हती.

पहाटे रंकाळा.
पहिल्या दिवशी संध्यामठ दिसला तिथूनच मागे फिरले.
पंधरा दिवसांनी त्याच्या पुढे.
रविवारी पांढऱ्याची एकच वाटी,
तांबड्यावरचा तवंग चमच्यानं कडेला.
यजमान काही बोलले नाहीत,
माझी दुसरी भाकरी उचलून
पोराच्या ताटात ठेवली, बस्स.

दिवाळीपर्यंत ब्लाउज सैल झाले
आणि माणसं घाबरली.
"वाळलीस की गं! शुगर लागली काय?"
जाऊबाईंनी बाजूला घेऊन विचारलं,
"घरात समदं बरं हाय न्हवं?"
आमच्याकडे अंग भरलेलं म्हणजे घर भरलेलं.
बाईचा गुडघा कुणी मोजत नाही.

पाडव्याला मुहूर्ताचा सौदा झाला,
काट्यावर हळद-कुंकू पडलं.
तसंच उभी राहिले. शहात्तर चारशे.
मारुती खाडे बघत होता.
कधीपासून, कोण जाणे.
"किती उतरलं, ताई?"
"पाच. थोडं वरच."
"चांगलं केलासा," म्हणाला,
आणि रवा पाठीवर घेतला.

त्याच्या दोन्ही गुडघ्यांना
एरंडाचं पान, वरून धोतराची चिंधी.
स्वतः असेल पन्नास किलोचा.
त्याला कुठला डॉक्टर काय उतरवायला सांगणार?
एक रवा उतरवतो
तेव्हा दुसरा वाट बघत असतो.

आषाढात गुळाला पाणी सुटतं,
वजन मुकाट्यानं कमी होतं.
अडतीत त्याला घट म्हणतात,
आधीच धरून ठेवतात हिशेबात.
मारुतीची घट
मी एकोणीस वर्षांत कधी धरली नाही.
वजन झालं की खालून हाक यायची,
"ताई, चिठ्ठी!"
आणि मी वरून,
"ये, घेऊन जा."

डॉक्टर म्हणतात, अजून तीन किलो.
पायऱ्यांना घाबरू नका,
सावकाश, कठड्याला धरून.
गुडघा अजून करकरतोच,
शेवटच्या चार पायऱ्यांना तर हमखास.

हाक आली की उठते.
चिठ्ठी मीच खाली घेऊन जाते.
पहिल्या दिवशी मारुती गडबडला,
"तुम्ही कशाला?" म्हणाला.
"मला चालायला सांगितलंय," म्हटलं.
तेही खरंच होतं.